कुरणातलं शेण गेलं कुठे?

एका उंच डोंगराच्या माथ्यावर गवताचं एक मोठं कुरण पसरलेलं होतं, आणि त्या कुरणाच्या कडेला, ऐनाच्या झाडाच्या ढोलीत, एक साळुंकी आपल्या तीन पिल्लांना घेऊन राहत असे. कुरण होतं गव्यांच्या कळपाचं. आणि गवे म्हणजे काय साधी जनावरं? कळप पाणी प्यायला ओढ्यावर उतरला, की डोंगर तेवढ्यापुरता त्या बाजूला कलायचा आणि कळप परत वर आला की पुन्हा सरळ व्हायचा. सकाळी एखाद्या गव्याने शेणाचा पो टाकला, की त्या आवाजाने पलीकडच्या डोंगरावरची माकडं दचकून झाडावरून धपाधप खाली पडायची. तुम्हांला खोटं वाटत असेल, तर मुलांनो, त्या माकडांची बुडं बघून या. पडून पडून लाल झाली आहेत, ती अजून उतरलेली नाहीत.

साळुंकीचा संसार या शेणावर चाले. पो पडला की त्यात माशा अंडी घालत, अंड्यांच्या अळ्या होत आणि अळ्या साळुंकीच्या पिल्लांच्या चोचीत जात. पाखरांनी यासाठी एक नियमच करून ठेवला होता. ज्या पोवर ज्याची चोच आधी टेकेल, त्याचा तो पो. मग काय, पहाट झाली की नुसता कलकलाट! "हा माझा!" "हट्, त्यावर काल माझी आजी बसली होती!" साळुंकी या भांडणात पटाईत होती. तिचा आवाज चढला की घारसुद्धा "राहू दे बाई" म्हणून दुसऱ्या डोंगरावर जाई.

कुरणाची मात्र एक पंचाईत होती. शेण पडे तिथेच राही, वरून खडखडीत वाळे आणि खालचं गवत मारून टाकी. त्याच्या आजूबाजूच्या गवतालाही गवे तोंड लावत नसत. हिरवं कुरण दर वर्षी थोडं थोडं आक्रसत होतं, आणि गव्यांना चरायला लांब लांब जावं लागत होतं. साळुंकीच्या हे ध्यानातही आलं नव्हतं. तिला शेण दिसे आणि शेणात अळ्या दिसत. बाकी जगाशी तिला काय करायचं होतं?

एका सकाळी वाऱ्याबरोबर घूं घूं आवाज करत काळ्या किड्यांचा एक थवा कुरणात उतरला. अंगाने ठेंगणे, पाठीने चकचकीत आणि प्रवासाने अगदी थकलेले. ते होते शेणकिडे. त्यांच्यातली एक शेणकिडीण पुढे झाली आणि कळपातल्या सर्वांत म्हाताऱ्या गव्यासमोर पाय जोडून उभी राहिली.

"आजोबा, आमच्या मुलखातलं पाणी आटलं. गुरं निघून गेली. गुरंच नाहीत तर शेण कुठलं, आणि शेण नाही तर आम्ही कुठले? इथे थोडं शेण मिळेल का?"

म्हातारा गवा असा हसला, की त्याच्या पाठीवरची धूळ उडून शेजारचा कळप शिंकायला लागला.

"अगं बाई, आजवर माझ्याकडे कुणी काही मागितलं नव्हतं. शेवटी मागितलं, तर हे! घ्या, पोटभर घ्या. ताजं हवं असेल तर जरा मागे सरून उभे राहा."

सगळं कुरण हसलं. साळुंकीही हसली. शेण मागत आलेले पाहुणे! अशांची काय भीती बाळगायची?

दुसऱ्या दिवशी तिचं हसू मावळलं. शेणकिडे कामाला लागले होते. नवरा डोकं खाली आणि पाय वर करून शेणाचा गोळा मागच्या पायांनी ढकले, बायको वर बसून "डावीकडे घ्या, अहो डावीकडे, तिथे दगड आहे," असं सांगे, आणि तो बरोबर उजवीकडे जाऊन दगडावर आपटे. तरी सूर्य डोक्यावर येईपर्यंत पोच्या जागी नुसता ओला डाग उरलेला असे. माशांना अंडी घालायला जागा उरली नाही. अळ्या कमी झाल्या. साळुंकी कुरणभर फिरून रिकाम्या चोचीने ढोलीत परतू लागली. तिचं धाकटं पिल्लू तर इतकं वाळलं, की त्याचं तोंड तेवढं मोठं दिसे, आणि बाकी सगळं पिल्लू त्या तोंडामागे कुठेतरी असेल असं मानून घ्यावं लागे.

तिच्या ढोलीसमोरच्या फांदीवर एक कोतवाल पक्षी बसत असे. काळाकुट्ट, दुभंगलेल्या शेपटीचा, आणि कुरणाची सगळी व्यवस्था आपणच बघतो अशा थाटात वावरणारा. शेणावरच्या माशा हा त्याचा आवडता खाऊ होता. तोही उपाशीच होता, आणि उपाशीपोटी त्याची जीभ फार चाले.

"साळूताई, शेण जातं कुठे, याचा विचार केलास का?"

"खात असतील मेले."

"एवढंसं अंग, आणि एवढं खातात? अगं, ते पाठवतात! जमिनीखालून बोगदा काढलाय त्यांनी, थेट त्यांच्या मुलखापर्यंत. माल आपला आणि भरभराट त्यांची."

साळुंकीने लगेच हे शेजारणीला सांगितलं. शेजारणीने सांगताना बोगदा जरा रुंद केला. तिसरीने त्याला फाटे फोडले. संध्याकाळपर्यंत त्या बोगद्यातून हत्ती जाऊ शकत होते, आणि बोगद्याच्या दुसऱ्या टोकाला शेणाचा डोंगर उभा राहून त्यावर शेणकिड्यांच्या राजाने महाल बांधला होता. महालाच्या खिडक्या किती, यावरून दोन बुलबुलांची मारामारीही झाली.

साळुंकी तडक म्हाताऱ्या गव्याकडे गेली.

"आजोबा, ह्यांना हाकला. माझी पिल्लं मरतील."

गव्याने रवंथ थांबवली. "माझं शेण इथेच खात असतील, तर मी दिलेला शब्द मोडणार नाही. पण बाहेर पाठवत असतील, तर तो माझ्याशी खोटेपणा झाला. मग उद्या कळप त्यांच्या बिळांवरून चालवीन. कुरणात एक बीळ शिल्लक राहणार नाही. तू मला तो बोगदा दाखव."

"दाखवते!" साळुंकी म्हणाली.

सकाळी सगळं कुरण गोळा झालं. शेणकिड्यांनी आल्या दिवशीच पहिला गोळा कुठे पुरला, हे साळुंकीने पाहून ठेवलं होतं. ती त्या जागी उतरली. तेवढ्यात तीच शेणकिडीण धडपडत आडवी आली.

"ताई, तेवढं बीळ नको गं उकरूस. दुसरं कुठलंही उकर."

"हेच का नको? बोगद्याचं तोंड इथेच आहे वाटतं?"

"बोगदा? कसला बोगदा? ताई, उकरायचंच असेल, तर हळू उकर. एवढंच सांगते."

"बघा, घाबरली!" कोतवाल फांदीवरून ओरडला. म्हाताऱ्या गव्याने पुढचा एक खूर उचलून तयार ठेवला.

साळुंकीने चोच मारली आणि चमकली. ह्या कुरणाची जमीन म्हणजे दगड. मागे एकदा तिथे चोच आपटून तिला चार दिवस तोतरं बोलावं लागलं होतं, आणि त्या चार दिवसांत कुरणात विलक्षण शांतता होती. आज मात्र चोच आत गेली ती लोण्यात गेल्यासारखी. माती भुसभुशीत होती, ओलसर होती, काळी झाली होती. ती उकरत गेली. बीळ थोडं खाली गेलं आणि संपलं. पुढे वाट नाही, बोगदा नाही, महाल तर नाहीच. तळाशी शेणाचा एक गोळा होता. अगदी गुळगुळीत, कुणी हाताने सारवावा तसा.

साळुंकीने गोळा फोडला.

आत एक पांढरी, गुबगुबीत अळी होती. अंगाची मुटकुळी करून झोपलेली.

साळुंकीने इतकी रसरशीत अळी आयुष्यात पाहिली नव्हती. तिने ती चोचीत उचलली. तिकडे ऐनाच्या ढोलीत आईची चाहूल लागून धाकट्या पिल्लाने क्षीण आवाजात भुकेचा सूर लावला.

"बघतेस काय? ने तुझ्या पिल्लाला!" कोतवाल म्हणाला.

शेणकिडीण जागची हलली नाही. एवढ्याशा किड्याने साळुंकीशी काय झगडावं? ती फक्त म्हणाली, "ताई, ते माझं आहे. एका गोळ्यात आम्ही एक लेकरू ठेवतो. त्याचं जेवणही तेच आणि घरही तेच. शेण बाहेर न्यायचं असतं, तर लेकरू इथे मातीत ठेवून मी कुठे गेले असते?"

चोचीतली अळी किंचित वळवळली. साळुंकीचं धाकटं पिल्लूही झोपेत अगदी असंच वळवळत असे. ती तशीच उभी राहिली. ढोलीतून पुन्हा हाक आली. आपल्या लेकराची भूक आणि दुसऱ्याचं लेकरू, दोन्ही एकाच चोचीत! मुलांनो, एवढं ओझं तर गव्याच्या पाठीलाही पेललं नसतं.

तिने हळूच वाकून अळी परत गोळ्यात ठेवली.

"झाकते हं," ती पुटपुटली. "ऊन लागेल त्याला."

आणि बीळ बुजवायला म्हणून ती पायांनी भोवतालची माती ओढू लागली. तर त्या मऊ मातीतून एक गांडूळ बाहेर आलं. लांबलचक, लालसर. तिने आणखी माती ओढली. आणखी एक! ज्या जमिनीत आजवर चोच शिरली नव्हती, तिच्यात शेणकिड्यांनी खणून खणून हवा खेळवली होती, शेण कालवलं होतं, आणि गांडुळांनी तिथे वस्ती केली होती. साळुंकी आयुष्यभर शेणाच्या वर वर टोचत राहिली होती. खाली बघायचं तिला सुचलंच नव्हतं. ती गांडूळ घेऊन भुर्रकन ढोलीत गेली. धाकट्याने ते गिळलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच तोंडामागचं पिल्लू नजरेला पडलं.

इकडे म्हाताऱ्या गव्याने उचललेला खूर जपून, बीळ चुकवून, बाजूला टेकवला. मग नाक जमिनीला लावलं. बिळांच्या आसपास कोवळं गवत फुटलं होतं. जुन्या, मेलेल्या जागेवर! त्याने एक घास घेतला आणि डोळे मिटले.

"हे गवत मी वासरू असताना खाल्लं होतं," तो म्हणाला. "माझी आई मला इथेच चरायला आणायची. मग इथे शेण साठलं आणि मी ही जागा सोडूनच दिली होती." आणि एवढा मोठा गवा, पण त्या एवढ्याशा शेणकिडिणीपुढे त्याने शिंगं टेकवली. "बाई, मी तुला शेण दिलं. तू मला माझं कुरण परत दिलंस."

"आणि माझ्या माशांचं काय?" कोतवालाने विचारलं. प्रश्न रास्त होता. माशा खरोखरच कमी झाल्या होत्या, आणि नुसत्या आभाराने कुणाचं पोट भरत नाही.

साळुंकी परत आली होती. ती जरा चाचरत शेणकिडिणीला म्हणाली, "ऐनाखालचे पो अळ्या होईपर्यंत ठेवाल का गं? आमचं खाऊन झालं की मग न्या."

"ठेवू की. ताई, पहिल्याच दिवशी बोलली असतीस, तर पहिल्याच दिवसापासून ठेवले असते. तुम्ही इथे काय खाता, ते आम्हां नवख्यांना कसं कळणार?"

हळूहळू गवत वाढलं. गवतात नाकतोडे झाले. कळप चरू लागला की ते टणाटण उडत, आणि कोतवाल ते वरच्या वर झेलू लागला. "बरे आहेत," तो प्रत्येक नाकतोड्यानंतर म्हणे. "पण माशीची सर नाही." असं म्हणत म्हणत तो इतका लठ्ठ झाला, की त्याने फांदी दोनदा बदलली. शेणातून मातीत गेलेल्या बियांची झाडं झाली. ती इतकी भराभर वाढली, की एक माकड रोपट्यावर बसून केस विंचरायला लागलं, आणि विंचरून होईपर्यंत ते शेंड्यावर पोचलं होतं.

साळुंकीची तिन्ही पिल्लं उडून गेली. एके दिवशी ती त्या पहिल्या बिळाजवळून चालली असताना माती हलली. एक छोटं, काळं, चकचकीत डोकं वर आलं. अंगावरची माती झटकत त्याने चहूकडे पाहिलं आणि विचारलं, "मावशी, हा मुलूख कुणाचा गं?"

जिचा आवाज ऐकून घार पळे, ती साळुंकी हलकेच त्याच्याजवळ वाकली.

"तुझा रे, बाळा," ती म्हणाली. "इथेच तर तू जन्मलास. मी स्वतः तुला झाकलंय. आणि तुझ्या आईला सांग, की तिने केलेल्या मातीवर माझी तीन लेकरं जगली. मला त्या दिवशी आभार मानायचे राहूनच गेले होते."

तेव्हापासून ती साळुंकी जमिनीवर चालताना पावलागणिक मान लववू लागली. तिची पुढची पिल्लं तेच शिकली, आणि त्यांची पिल्लंही. तुम्ही साळुंकीला चालताना नीट बघा. तिची मान अजून तशीच खालीवर होत असते. शहाणी माणसं म्हणतात, की ती किडे शोधते. म्हणू देत. ती पायाखाली राबणाऱ्यांना नमस्कार करत जाते, हे माकडांनाही ठाऊक आहे.

तात्पर्य : बाहेरून आलेल्याने आपलं काय नेलं हे ओरडून सांगण्याआधी, त्याने आपल्या मातीत काय ठेवलं ते वाकून पाहावं, अडचण असेल तर ती त्यालाच सांगावी, आणि त्याचे उपकार दिसले की आभार मानायला लाजू नये.