चिंचोक्यांचं तळं

फार फार मागची गोष्ट. डोंगरांनी वेढलेल्या एका तळ्याकाठी भोयांची वस्ती होती. सटवा नावाचा म्हातारा त्या वस्तीचा म्होरक्या, आणि मासे सुकवणारी भागू ही त्याची धाकटी बहीण.

तळ्यातले मासे वर्षागणिक कमी होत होते. एके दिवशी भागूनं परातीत शंभर चिंचोके मांडले. एक चिंचोका म्हणजे शंभर मासे. वर्षभरात जाळ्यात जातात तेवढे, म्हणजे पन्नास, तिनं काढले. उरलेल्यांना जितकी पिल्लं होऊन वाढतात असा तिचा अंदाज होता, तेवढे पंचवीस परत टाकले. पुन्हा पन्नास काढले, बारा टाकले. तिसऱ्या खेपेला काढायला पन्नास उरलेच नाहीत.

तिनं सगळ्यांना बोलावलं. "मासे अंडी घालतात त्या आषाढ-श्रावणात जाळी बंद ठेवा, म्हणजे पुढल्या वर्षी मासे पुन्हा वाढतील. नाहीतर तिसऱ्या वर्षी तळं रिकामं."

लोक हसले. "आजी, चिंचोके म्हणजे का मासे?"

"नाहीत रे. म्हणून तर संपले तरी पुन्हा परातीत टाकता येतात. मासे कुठून टाकाल?"

हसू विरलं. सटवानं जाळी आवरायला सांगितली. दोन महिने वस्तीनं अर्धपोटी काढले.

पण पुढल्या वर्षी मासे भागूनं सांगितल्याहून खूपच कमी भरले. "म्हातारीच्या खेळापायी पोरं उपाशी राहिली," लोक म्हणाले. भागूनं परात पालथी केली आणि डोळ्यांना पदर लावला.

सटवा शेजारी येऊन बसला. त्याला विसाच्या पुढं मोजता येत नसे. सांडलेले चिंचोके एकेक करून वेचत तो म्हणाला, "भागू, ह्यात बगळे कुठं आहेत गं?"

"कसले बगळे?"

"पल्याडच्या बेटावर घरटी केलीत त्यांनी. तू काठावर असतेस, तुला दिसत नाहीत. मी होडीतून रोज बघतो. पिल्लांना मासेच भरवतात."

 भागू ओल्या डोळ्यांनी हसली. "अरे दादा, आधी का नाही बोललास?"

"मला वाटलं, मोजदादीत माझं काय काम?"

दोघांनी बगळ्यांचा वाटा वेगळा काढला आणि पुन्हा मांडलं. आता दिसलं, की तेवढ्यानं भागणार नाही. एरवीही जाळी कमी टाकायला हवीत. वस्ती कुरकुरली. पण सटवानं आधी स्वतःचं एक जाळं खुंटीला टांगलं, तसं बाकीच्यांनीही एकेक टांगलं.

हळूहळू मासे वाढले. अगदी चिंचोक्यांइतके नाहीत, थोडे उणे-अधिक. पण घरोघरी पोटभर जेवण शिजू लागलं, आणि बगळ्यांची पिल्लंही जगली.

तेव्हापासून दर वर्षी सारी वस्ती परातीभोवती बसू लागली. मांडून झालं की भागू एकेकाच्या तोंडाकडे बघून विचारी, "सांगा, मी काय विसरले?"

बोध : मांडलेलं गणित म्हणजे जग नव्हे, पण गणितातली चूक वेळीच सुधारली, तर जगातली चूक टळते.