मधली जागा

“आमचे धाकटे भाऊजी खेळतात कसले, नुसते वाकतात. चेंडू पायांमधून मागे सरकवला, की लागले धक्के खायला. नवीला अजून कळलेलं दिसत नाही.”

ज्या गावात लांबट, अंड्यासारख्या चेंडूचा खेळ चाले, तिथली एक थोरली जाऊ शेजारणीला हे सांगत होती. दाराआड नवी सून ताक घुसळत होती. तिची रवी थांबली.

गावाचा रिवाज असा, की चेंडू फेकणाऱ्याला आणि तो झेलून रेषेपार नेणाऱ्याला त्यांच्या बायका सगळ्यांदेखत ओवाळायच्या. फेकणारे होते थोरले दीर. समोरच्यांना अंगावर घेऊन अडवणारी पुढची फळी मात्र कुंपणापाशी चिखल पुसत बसायची. त्या फळीतला अगदी मधला, फेकणाऱ्याकडे चेंडू मागे सरकवणारा, तो या सुनेचा नवरा.

तिला लाज वाटली. त्या रात्री ती नवऱ्याशी धड बोलली नाही. त्याने फारच विचारलं तेव्हा म्हणाली, मलाही एकदा ओवाळणीचं ताट धरू द्या. सकाळी तो भावाकडून झेलणाऱ्याची जागा मागून आला. नुसतं वाकायचं तर आहे, म्हणत झेलणारा हौसेने मधे जायला तयार झाला.

जत्रेला शेजारच्या गावाशी सामना लागला. सून ताट सजवून रेषेपाशी उभी. नव्या मधल्याने चेंडू मागे दिला खरा, पण समोरचे धिप्पाड गडी त्याला बाजूला सारून आत घुसले. चेंडू फेकायला हात वर जायच्या आत दीर त्या सगळ्यांच्या खाली होते. लांब कडेला तिचा नवरा मोकळ्या हातांनी धावत होता. तो चेंडू शोधत नव्हता. वळून वळून आपल्या जुन्या जागेकडे बघत होता.

सामना गेला. दिरांचं मनगट मोडलं.

घरी हळदीचा लेप लावताना जाऊ रडत रडत म्हणाली, “भाऊजी, तुम्हालाच मिरवायची हौस आली होती.”

“चुकलंच माझं, वहिनी,” तो म्हणाला. बायकोकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

तिला ते सोसवेना. लग्न होऊन आल्यापासून ती चारचौघांत कधी बोलली नव्हती.

“जाऊबाई, त्यांना बोलू नका. हौस माझी होती. तुमचं बोलणं मी दाराआडून ऐकलं आणि त्यांची लाज वाटली मला. आज माझी वाटते. तुम्ही इतकी वर्षं ओवाळलंत ना, ते यांनी धक्के खाल्ले म्हणून.”

तात्पर्य: लाज वाटून घेण्याआधी खेळ पुरता पाहावा. चेंडू ज्याच्या हातात दिसतो, त्याच्यापुढे कोणीतरी उभा असतो.