कोल्ह्याने आखलेली हद्द

मुलांनो, एका मोठ्या जंगलाचे बरेच विभाग होते आणि प्रत्येक विभाग आपला एक प्रतिनिधी निवडून सिंहाच्या सभेत पाठवत असे. नदीकाठच्या विभागातून मात्र पिढ्यान् पिढ्या लांडगाच निवडून जाई. आधी आजोबा, मग वडील, मग मुलगा. पाणवठ्यावर पहाराही त्यांचाच. उन्हाळ्यात त्यांचे पिऊन झाल्यावर जे गढूळ पाणी उरे, तेवढेच लहान प्राण्यांच्या वाट्याला येई.

कोणी विरोध केलाच नाही असे नाही. एकदा हरणांनी लांडग्याला जवळजवळ हरवलेच होते. तेव्हा हद्दी आखणाऱ्या कोल्ह्याने त्यांचे कुरण शेजारच्या विभागात टाकले. पुढे माकडांनी जोर धरला, तर हद्द त्यांच्या झाडांमधूनच गेली. अर्धी माकडे इकडे, अर्धी तिकडे. विभागातली घटलेली संख्या भरायला त्याने डोंगराकडच्या काटेरी साळू आणि माळावरचे ससे आणून जोडले. तो लांडग्याला म्हणाला, "हे एकमेकांना ओळखतही नाहीत. एकत्र कसले येतात?"

वर्षभराने एक म्हातारी साळू सशांच्या बिळांपाशी गेली. तिचे काटे पाहून एकही ससा बाहेर येईना. ती तिथेच बसली आणि उन्हाळ्यात पाण्यावाचून गेलेल्या आपल्या नातवाबद्दल बोलत राहिली. बऱ्याच वेळाने एक सशीण बाहेर आली. "माझंही एक पिल्लू तसंच गेलं," ती म्हणाली. मग दोघी मिळून उरलेल्या माकडांकडे गेल्या. निवडणुकीत त्या सगळ्यांनी साळूला उभे केले, आणि लांडगा हरला.

नव्या प्रतिनिधीने पाणवठ्यावरचा पहारा उठवला. काही दिवसांनी कोल्हा नम्रपणे तिच्याकडे आला. तिच्या विरोधातले प्राणी हद्दीबाहेर काढले, तर तिची जागा जन्मभर पक्की होईल, असे त्याने सुचवले.

साळू म्हणाली, "हद्द कुणासाठी वळवू नकोस, ओढ्याकाठाने सरळ जाऊ दे. मी नीट काम केलं नाही, तर या विरोधकांना मला हरवता आलं पाहिजे."

सभेने तीच हद्द कायम केली.

तात्पर्य इतकेच : जे एकमेकांचे दुःख विचारतात, त्यांना कोणतीही हद्द वेगळे पाडू शकत नाही, आणि आपल्याला हरवण्याचा इतरांचा हक्क जो जपतो, तोच खरा पुढारी.