जटायूचे पान

श्रीवाकळनाथ महाराजांचा मुक्काम त्या वर्षी नवरात्रात केळखोल गावी होता. केळखोल म्हणजे घाटाच्या पायथ्याचे, दोन ओढे ओलांडल्याशिवाय न दिसणारे गाव. खांद्यावर ठिगळांची एक जुनी वाकळ, एवढाच महाराजांचा संसार. तिच्यावरूनच लोकांनी त्यांना नाव दिले होते. ते रवळनाथाच्या देवळात ओसरीवर उतरले आणि गावाला आनंद झाला. झाला नाही तो एकट्या नारबा देसायांना.

नारबा देवस्थानचे पहिले मानकरी. देवळाच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला. माणूस वाईट नव्हता हो, पण संशयी! देवाला वाहायचा नारळसुद्धा ते आधी कानाशी हलवून बघत. महाराज ओढ्यावर स्नानाला गेले, तेव्हा नारबांनी ती वाकळ उलटसुलट करून ठिगळ न् ठिगळ चाचपले. आत एखादी पुरचुंडी शिवलेली असणार, असा त्यांचा कयास. काही सापडले नाही, तर समाधान व्हावे. उलट संशयच वाढला. ज्याच्याकडे काहीच सापडत नाही तो लपवण्यात फारच हुशार असला पाहिजे!

त्या देवळात नवरात्राचे तीन दिवस बुधाजी ठाकर चित्रकथा सांगत असे. हाताने रंगवलेल्या चित्रांची चळत, तिला पोथी म्हणायचे. एकेक पान लाकडी फळीला टेकवून दाखवायचे आणि त्यातली रामकथा गायची. बायको आवडी टाळ धरून मागे सूर ओढी. दुसरी कुठलीही खेळमंडळी ते दोन ओढे ओलांडून येत नसे, म्हणून केळखोलच्या लोकांनी राम पाहिला तो बुधाजीच्या फळीवरच. पण म्हातारपणी बुधाजीचे डोळे गेले. पोटी मूलबाळ नव्हते. त्याच्यामागे पोथी उघडणारे कोणी उरणार नव्हते.

महाराजांनी गावाकडे एकच गोष्ट मागितली. ते म्हणाले, "घरटी पायलीभर भात द्या. पावसाळ्याचे चार महिने ही दोघे दारोदार न हिंडता इथेच राहतील आणि तुमच्या मुलींना चित्र काढायला, कथा गायला शिकवतील. नाहीतर ही विद्या यांच्याबरोबर जाईल."

लोक माना डोलावू लागले, तोच नारबा उठले. "एकान गाणा म्हणूचा, दुसऱ्यान भात मागूचो! सीता कशी गेली ता ह्याच पोथयेत आसा. गोसाव्याक भिक्षा घालूक भायर इली, म्हणानच मा?" दोन-चार जण हसले. नारबांना आणखी चेव आला. "आनि ह्यो म्हातारो आंधळो तरी खरो कशावरना? आंधळो, तर पान कधी चुकना कसा नाय?"

बुधाजीने मान खाली घातली. महाराज मात्र शांतपणे म्हणाले, "नारबा, शंका घरात असावी. तिला गादीवर बसवू नये."

कथा पुरी झाली की भाताचे ठरवू, असे गावाने म्हटले. केळखोलचा जुना शिरस्ता असा, की जी कथा मध्येच तुटली तिची पोथी पुन्हा देवळाची पायरी चढत नाही. पूजा करून ती ओढ्याला सोडून द्यायची. नारबांना हा शिरस्ता पाठ होता.

शेवटच्या दिवशी दुपारी पोथी तांबड्या फडक्यात देवापुढे ठेवलेली होती, आणि किल्ली नारबांकडे. त्यांनी दार लोटून घेतले, फडके सोडले आणि जटायूचे पान काढले. त्यावर पंख तुटून पडलेला निळा पक्षी होता. नारबांनी ते नीट पाहून घेतले आणि बंडीच्या आत पोटाशी गुंडाळले. बुधाजी खरोखरच आंधळा असेल, तर भलतेच चित्र दाखवून हसे करून घेईल. आणि पान गेल्याचे त्याला कळले, तर तो डोळस ठरेल. कसेही झाले तरी गावाचा भात वाचेल! चोरी करतानाही नारबांना आपण राखण करतो आहोत असेच वाटत होते.

उन्हे कलली, गाव जमला. कथा रंगात आली. रावणाने सीतेला रथात घातले, आणि पुढच्या पानासाठी बुधाजीचा हात पोथीकडे गेला. बोटांनी एक कोपरा चाचपला, मग पुढचा, मग पुन्हा मागचा. गाणे थांबले.

"आवडे, जटायू नाय गे," तो हलकेच म्हणाला.

"मगे तुका कसा समाजला?" नारबा गरजले. "दिसता मा तुका?"

"बोटांका समाजता, देसायांनू. हिना पानापानाक दोऱ्याची वेगवेगळी गाठ मारून ठेवल्यान हा."

आवडीने टाळ खाली ठेवले आणि ती तोंडाला पदर लावून रडू लागली. तीन पिढ्यांची पोथी आता ओढ्याला जाणार, हे तिला कळून चुकले होते.

तेव्हा महाराज उठले. खांद्यावरची वाकळ त्यांनी फळीवर पसरली आणि म्हणाले, "बुधाजी, थांबू नकोस. जटायूही म्हाताराच होता. आपल्याने होईल का, असे विचारत तो बसला नाही."

बुधाजीने सूर लावला. पहिल्यांदा आवाज कापला, मग स्थिर झाला. जटायूने रथ अडवला, रावणाने शस्त्र उपसले, आणि पुढच्या रांगेतल्या बायका एकदम हात जोडून उठल्या. वाकळीवर पक्षी उमटला होता!

नारबांनी डोळे चोळले. पक्षी तिथेच होता, निळाभोर. त्यांनी हळूच पोटाशी हात नेला. पान जागच्या जागी होते. म्हणजे दुसरी नक्कल असणार! पण नक्कल आली कुठून? त्या वाकळीत ठिगळांखेरीज काही नाही, हे साऱ्या गावात त्यांच्याइतके पक्के कोणाला ठाऊक होते? ते जागा बदलून खांबाआड गेले. तिथूनही पक्ष्याचा तो टपोरा डोळा त्यांच्याकडेच वळलेला.

कथा रामराज्यापर्यंत पोहोचली, आरती झाली. फळीवर आता नुसती वाकळ होती. लोक डोळे पुसत होते. बुधाजीला मात्र काहीच कळेना. तो म्हणाला, "लोक उठले कित्याक? माका कोण तरी सांगा."

महाराज म्हणाले, "नारबांना विचार. त्यांची नजर बारीक आहे."

सगळा गाव नारबांकडे बघू लागला. "जटायू दिसलो," ते कसेबसे म्हणाले. "निळो. एक पंख तुटान लोंबत होतो. आनि डोळो... मी खय पण गेलंय तरी डोळो माझ्याकडेच बघी होतो."

बुधाजीचा चेहरा उजळला. ह्या माणसाच्या शब्दावर त्याने क्षणभरही शंका घेतली नाही. "तर मगे आमचोच जटायू तो! माझ्या आज्यान तसोच काडल्यान हा. तो डोळो रावणाकडे बघता, देसायांनू."

म्हाताऱ्याच्या मनात काहीच नव्हते. पण नारबा खांबाआडून पुढे आले. त्यांनी बंडीतून पान बाहेर काढले. "मी चोरलंय, महाराज," असे म्हणून ते उलगडतात तो काय! पान कोरे. त्यांनी उलटून पाहिले, उजेडाला धरून पाहिले. रंगाचा ठिपका नाही, रेघ नाही. दुसऱ्यांवर जन्मभर संशय घेणाऱ्या नारबांना त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःचा संशय आला.

ते महाराजांच्या पायांवर पडले. महाराजांनी त्यांना उठवले आणि पोथीकडे वळवले. "नमस्कार तिकडे करा. जटायूला जिथे काम होते तिथे तो गेला. कोरे पान तुमच्याकडे ठेवून गेला आहे."

नारबांनी पोथीपुढे डोके टेकले, मग बुधाजीचे हात आपल्या कपाळाला लावले. "रंग माझे, बुधाजी. आनि भात पयलो माझ्या घरचो. पण शिकव रे पोरींका."

आवडीने ते पान पुन्हा रंगवले, तेव्हा बुधाजी सांगत होता आणि शेजारी सात मुली बसल्या होत्या. डोळा कुठे काढायचा, ते मात्र नारबांनी दाखवले. केळखोलात अजूनही कथा जटायूच्या पानाशी आली की देसायांच्या घरचा माणूस उठतो आणि फळी दोन्ही हातांनी धरून मान खाली घालून उभा राहतो. महाराजांची ती कृपा आपणा सर्वांवर असो.