शेवटची शाळा कोणती?

"जी शाळा परीक्षेत शेवटची येईल ती बंद! तिचा पैसा पहिल्या आलेल्या शाळेला!"

साळशिंगी संस्थानात तुळाजीराजांच्या या हुकुमाची दवंडी चौथ्या वर्षीही पिटली गेली. कुरुंजवाडीच्या शाळेत घंटा वाजवणाऱ्या सगुणाची हातोडी हातातच राहिली. सातांपैकी तीन शाळा आधीच मिटल्या होत्या. यंदा पाळी कुणाची, हे शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं. राजधानीच्या थोरल्या शाळेवर नवं पितळी घड्याळ बसलं होतं, आणि कुरुंजवाडीचं छप्पर अकरा वर्षं गळत होतं. पावसाळ्यात पोरांनी पाटीवर काढलेलं अक्षर वाचायच्या आत धुऊन जायचं.

ही घंटा पूर्वी सगुणाचा नवरा वाजवायचा. तो गेल्यावर तिनं हातोडी उचलली ती खाली ठेवली नव्हती. शाळा मिटली तर चाळीस पोरांना नदी ओलांडून दोन कोस चालावं लागणार होतं. म्हणजे ती चालणार नव्हतीच, शेळ्यांमागं जाणार होती. सगुणानं पदर खोचला आणि थेट दरबार गाठला.

दरबारात तुळाजीराजांसमोर शाळांचे पाच पंच बसले होते. मधोमध दिवाण अप्पासाहेब. कुरुंजवाडीची शाळा त्यांतल्या एकानंही पाहिली नव्हती.

"महाराज, एक विचारू?" सगुणा म्हणाली. "यंदा एक शाळा बंद, पुढच्या साली एक, त्याच्या पुढच्या साली आणखी एक. मग उरणार फक्त थोरली शाळा."

"बरोबर!"

"एकटीच असली तर पहिली तीच आणि शेवटची पण तीच. तिला घड्याळ द्यायचं की कुलूप लावायचं? युवराज तिथंच शिकतात, म्हणून विचारलं!"

कोपऱ्यात कुणीतरी खुदकन हसलं. राजे लालबुंद झाले.

"जीभ फार चालते तुझी! अगं, परीक्षा म्हटली की कुणीतरी शेवटचं येणारच. तूच घे परीक्षा! चार शाळांत शेवटची कुणीच येता कामा नये. आठ दिवसांची मुदत. जमलं तर चारही शाळा राहतील. नाही जमलं तर तुझी त्याच दिवशी बंद!"

"आणि प्रश्न आधी फोडून सगळ्यांना सारखे गुण वाटलेस," दिवाण गुरकावले, "तर तुझी रवानगी तुरुंगात!"

"नाही फोडत. पण प्रश्न कोण काढणार, ते मी ठरवणार."

"ठरव!" राजे म्हणाले.

"आजवर कोण काढायचं, महाराज?"

"थोरल्या शाळेचे पंतोजी. का?"

"काही नाही, सहज," म्हणून सगुणा निघाली.

आठव्या दिवशी वाड्यासमोरच्या पटांगणात चारही शाळांची मुलं गोल बसली. राजे पंचांना घेऊन मांडवात बसले. सगुणा घंटा घेऊन मध्ये उभी राहिली.

"प्रश्न पोरंच काढणार! प्रत्येक शाळेनं आपल्या उजवीकडच्या शाळेला एकच प्रश्न घालायचा. उत्तर आलं तर एक गुण, नाहीतर भोपळा!"

टण्ण!

थोरल्या शाळेनं कुरुंजवाडीला विचारलं, "देवडीपासून दरबारापर्यंत दरवाजे किती?" कुरुंजवाडीच्या पोरांनी वाडा आज पहिल्यांदा पाहिला होता, तोही बाहेरून. भोपळा!

कुरुंजवाडीनं तीन गाभण शेळ्या भोईपुऱ्याच्या पोरांपुढं उभ्या केल्या. "यांतली आधी कोणती विणार?" नदीकाठची पोरं ती. त्यांनी सगळ्यांत जाडी शेळी दाखवली. "पोट नाही, कास बघायची!" कुरुंजवाडीची पोरं पोट धरून हसली. भोपळा!

भोईपुऱ्यानं कुंभारगावापुढं फाटकं जाळं टाकलं. "एवढं भोक विणून दाखवा!" कुंभारगावानं विणलेल्या जाळ्यातून आख्खं मडकं निघालं असतं. भोपळा!

राहिली थोरली शाळा. कुंभारगावच्या एका चिमुरडीनं युवराजांपुढं पाच कच्ची मडकी मांडली. "आज भट्टीत घालायचं कोणतं? एकच वाळलंय."

युवराजांनी मडकी पाहिली, हुंगली, मग वडिलांकडं पाहिलं. राजांना राहवलं नाही. उठून ते स्वतः वाकले आणि म्हणाले, "हे! हे मधलं!"

"मधलं घातलं तर फुटंल की, महाराज!" चिमुरडी म्हणाली. "गालाला लावून बघा. गार लागलं की ओलं समजायचं."

राजांनी मडकं गालाला लावलं. गारेगार! पटांगणात हशा उसळला. भोपळा!

"हा काय पोरखेळ?" दिवाण कडाडले. "चारही शाळा नापास!"

"म्हणजे सगळ्यांना सारखेच गुण," सगुणा शांतपणे म्हणाली. "आता शेवटची कोणती, ते दिवाणसाहेबांनी सांगावं!"

दिवाणांनी चारही शाळांकडं पाहिलं. मग पंचांनी पाहिलं.

"आणि महाराज," सगुणा पुढं म्हणाली, "एकाच शाळेनं प्रश्न काढायचे, तर तीच दरसाल पहिली येणार. त्यात नवल काय?"

राजे गालावरची माती पुसत हसू लागले, ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "हरलो! चारही शाळा राहतील, मिटलेल्या तीनही उघडतील. आता तू माग. सोन्याचं कडं देऊ?"

"कडं नको. पंचांची पुढची बैठक आमच्या शाळेत भरवा."

"एवढंच? कधी?"

"आषाढात."

"आषाढातच का?"

"अकरा वर्षं छपराचा ठराव अडलाय, महाराज. पंच भिजले की लगेच मंजूर होईल!"

पाचही पंच एकदम उभे राहिले. "महाराज, आषाढ कशाला? छप्पर आत्ताच मंजूर!"

राजे पुन्हा हसत सुटले. त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून सगुणाच्या घंटेच्या दोरीला अडकवलं आणि म्हणाले, "छप्पर तर झालं! पण बैठक आषाढातच भरेल. कवलं नीट बसलीत की नाही, ते पंचांनीच खाली बसून पाहावं!"