पोशा तांडेलाच्या तेरा गाठी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नेमकी किती ते विचारू नका, कारण या गोष्टीतच मोजणीचा सगळा घोळ आहे. आमच्या शेवरकोंड गावात पोशा नावाचा एक तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, होता. गावातली सर्वांत जुनी होडी त्याची, म्हणून दर्याला पहिला नारळ द्यायचा मानही त्याचा. नारळी पौर्णिमेला पोशानं नारळ सोडला की होड्या पाण्यात जायच्या. तोवर पावसाळाभर कोणी जाळं भिजवायचं नाही, असा रिवाज होता.

तेव्हा गावात पंचांग कुणाकडे असणार? पोशाकडे एक दोरी होती. नारळी पौर्णिमा झाली की तो नवी दोरी घ्यायचा आणि दर पौर्णिमेला एक गाठ मारायचा. बारावी गाठ बसली की पुढची नारळी पौर्णिमा आली. या हिशेबात तो कधी चुकला नाही, असं म्हणतात. कधीच चुकला नसेल यावर माझा विश्वास नाही, पण असं म्हणतात खरं.

तर त्या काळात मासळी कमी होत चालली होती. का, ते कुणाला कळेना. कोणी म्हणे गावदेवी कोपली, कोणी म्हणे पलीकडच्या गावानं करणी केली. खरं तर पावसाळ्यात अंधार बघून खाडीच्या तोंडाशी गुपचूप जाळी लागत होती, पण हे ज्याला त्याला स्वतःपुरतंच ठाऊक होतं, त्यामुळे सगळेच मनापासून बुचकळ्यात पडले होते.

त्या वर्षी पोशाच्या घरी फार कठीण दिवस होते. मुलगा कार्तिकात दर्यात गेला तो आलाच नाही. मागे राहिली सून चांगी, आणि बाप गेल्यावर जन्मलेली तिची लेक ठमी. तांदळाचं मडकं तळाला गेलं होतं. चांगीला दूध पुरेना आणि पोर दिवसभर रडून रडून निपचित पडायची. म्हातारा दोरी चाचपायचा आणि बाराव्या गाठीची वाट बघायचा.

बारावी गाठ बसली. त्याच दिवशी खाडीपलीकडून एक भटजी आले आणि म्हणाले, "अरे, यंदा श्रावण दोनदा आहे. हा अधिकाचा. नारळी पौर्णिमा पुढच्या महिन्यात."

पोशा चक्रावला. म्हणाला, "भरती दोनदा येते, ओटी दोनदा येते. म्हयना दोनदा कसा येल?"

भटजींनी बोटांवर मोजून समजावलं. मग तर कुणालाच काही कळेना. दोरी म्हणत होती आज, भटजी म्हणत होते महिन्यानं. पोटं मात्र सगळ्यांची एकच गोष्ट म्हणत होती. काशा नावाचा एक तरुण होडीवाला पुढं झाला. "तांडेल, दोरीचं आयका. पोथी काय मासं मारते?" सगळ्यांना पटलं. पोशाला ठमीचं रडणं ऐकू येत होतं. त्यानं हात जोडून नारळ दर्यात सोडला.

नारळ परत आला. लाटेनं आणून पोशाच्या पायाशी ठेवला. त्यानं पुन्हा सोडला, पुन्हा आला. काशा म्हणाला, लाटच तशी आहे. मग तिसऱ्यांदा पोशा कमरेएवढ्या पाण्यात गेला आणि लांब फेकला. यावेळी नारळ दिसेनासा झाला. लोक हुश्श करून घरी गेले, होड्यांना तेल लावायला लागले. पोशा खाडीकाठच्या घरी पोचतो तर नारळ त्याच्या उंबऱ्याशी. ओहोटी लागली होती, खाडीचं पाणी दर्याकडे धावत होतं, आणि नारळ उलटा वर चढून आला होता. त्याला शेंडीसुद्धा होती, असं म्हणतात. शेंडी नव्हती असंही म्हणतात.

आता ओहोटीच्या विरुद्ध वर चढतं काय, तर अंडी घालायला आलेली मासळी. पोशाला तेवढं माहीत होतं. पण दर्याला त्यातून काय सांगायचंय ते त्याला उमगेना. नारळ ज्या वाटेनं आला त्या वाटेवर जाऊन त्यानं हातजाळं टाकलं. दोन मोठे मासे लागले. ते त्यानं सुनेपुढे ठेवले. "चांगे, शिजव. पोरीसाठी तू खा."

चांगीनं विळीवर पहिला मासा चिरला आणि पोटातून अंड्यांची गाभोळी ओसंडली. परात भरली तरी संपेना. उपाशी बाई ती, पण तिचे हात थांबले. "मामा," ती म्हणाली, "ही पन माजेसारकीच."

चिरलेला मासा खाल्ला की नाही, यावर आमच्या गावात अजून भांडणं होतात. मी म्हणतो, खाल्ला असणार. चिरलेली मासळी पाण्यात सोडून कुणाचं भलं होतं? पण दुसरा मासा टोपलीत तडफडत होता. तो चांगीनं पदरात घेतला आणि स्वतः खाडीत सोडून आली. हे मात्र सगळे एकमुखानं सांगतात.

दुसऱ्या दिवशी होड्या तयार झाल्या. पोशा तो परत आलेला नारळ घेऊन आला आणि सगळ्यांसमोर वाळूवर ठेवला. म्हणाला, "मना कलत नाय. दोरी चुकली का मी चुकलो, मना कलत नाय. ज्याला कलते त्यानं टाकावा."

काशानं नारळ उचलला. पाण्यात पाय घातले. मग वळून विचारलं, "तांडेल, चुकलं तर?"

"तर तुजं नाव निंगल."

काशानं नारळ परत वाळूवर ठेवला. एकेक करून सगळ्यांनी तो बघितला, उचलला कुणीच नाही. खाडीच्या तोंडाशी कोण कोण जाळी लावत होतं, ते त्या वेळी एकमेकांच्या खाली गेलेल्या मानांवरून कळलं. त्यांनी ती गुपचूप काढून आणली.

मग महिना काढायचा कसा? पोशानं मडक्यातले शेवटचे मूठभर तांदूळ आणून गावदेवीपुढच्या मोठ्या भांड्यात टाकले. त्याचं बघून दुसऱ्यानं टाकले, मग तिसऱ्यानं. कोणी खडकावरची कालवं आणली, कोणी खेकडे, कोणी टाकळ्याची भाजी. पहिलं ताट चांगीला. ते भांडं महिनाभर रिकामं झालं नाही, असं म्हणतात. माझी काकी म्हणायची, रोज रिकामं व्हायचं, म्हणून तर रोज भरावं लागायचं.

पुढची पौर्णिमा आली. पोशानं तेरावी गाठ मारली आणि नारळ सोडला. तो सरळ गेला, मागे वळूनही बघितलं नाही. होड्या गेल्या आणि काठोकाठ भरून आल्या. पुढच्या वर्षी तर मासळीच्या पाठीवर पाय देत लोक खाडी ओलांडायचे, असं म्हणतात. पण पोशाचं डोकं काही ठिकाणावर आलं नाही. मरेपर्यंत तो ती दोरी मोजत बसायचा. एकदा बारा भरत, एकदा तेरा.

ती दोरी अजून देवळात आहे. खाऱ्या वाऱ्यानं फुगलीय. एक गाठ सुटत आलीय, एक गाठ आहे की नुसता पीळ ते सांगता येत नाही. नारळी पौर्णिमेला गावातली पाच माणसं ती मोजतात. पाचांची मोजणी जुळली नाही, तर होड्या दर्यात जातात, पण खाडीच्या तोंडाशी पुढच्या पौर्णिमेपर्यंत कोणी जाळं लावत नाही. माझ्या आयुष्यात ती एकदाही जुळलेली नाही. मागे शहरातून एक साहेब आले होते, त्यांनी दोनदा मोजली आणि दोन आकडे सांगितले. मोजणीच्या दिवशी मोठ्या भांड्यात घरोघरचे मूठ मूठ तांदूळ पडतात आणि पहिलं ताट गावातल्या बाळंतिणीला जातं.

ठमी जगली. नव्वदीपर्यंत जगली, आणि दर वर्षी मोजणीत पहिला मान तिचा असे. मी लहानपणी पाहिलंय तिला. नजर अगदी लख्ख होती, बारीक काटासुद्धा दिसायचा. ती दोरी हातात घ्यायची, एकेक गाठ सावकाश बोटाखालून सोडायची आणि शेवटी मान हलवून म्हणायची, "मना बाय कलत नाय."

आणि खाडीचं तोंड महिनाभर मोकळं राहायचं.