पायरीवरच्या चपला

“आणि तुझ्या रोजच्या चपला कुठं आहेत?” गोदाक्कांनी विचारलं.

मुकुंदशेट ढोले मठाच्या ओट्यावर बसून सोललेल्या टाचेला खोबरेल लावत होते. नवे बूट चावले होते. महिनाभर राहायचं म्हणून मठात येऊन त्यांना आठवडाही झाला नव्हता.

तालुक्याच्या गावी त्यांचं कापडाचं दुकान. मध्यंतरी छातीत कळ येऊन गेली, डॉक्टरांनी तंबी दिली, आणि थोरल्या मुलीनं, वैजूनं, निक्षून सांगितलं, “बाबा, महिनाभर दुकान मी बघते. मधेच आलात तर पुन्हा मी दुकानाची पायरी चढणार नाही.” पोरगी बापासारखीच हट्टी. बोलली म्हणजे करणारच.

“चपला दुकानात आहेत, आक्का.”

“विसरलास?”

“छे! मुद्दाम ठेवल्यात. पायरीवर.”

गोदाक्का मठाच्या कर्त्या. वयानं थकलेल्या, बोलणं मोजकं. त्या पूजेची फुलं निवडत राहिल्या.

“आमच्याकडं गादीवर बसायचं तर वहाणा पायरीवर काढाव्या लागतात,” शेट खुलले. “माझ्या चपला दिसल्या की नोकरांना वाटतं, शेट आत गोदामात आहेत. गिऱ्हाईकसुद्धा जपून बोलतं. नाहीतर एकट्या पोरीला कोण भीक घालतंय?”

शेट महिनाभर गोदामात काय करत असतील, असा प्रश्न नोकरांना पडेल का, हा विचार काही त्यांच्या डोक्यात आला नव्हता.

“म्हणजे तू तिथंच आहेस,” आक्का म्हणाल्या.

“तसंच समजा!”

“मग इथं जेवतंय कोण?”

शेट हसले. पण दुपारी पडल्या पडल्या त्यांना काही डोळा लागेना. वैजूला फोन करायची बंदी होती, म्हणून त्यांनी दुकानासमोरच्या शिंप्याला लावला.

“दौलतराव, जरा आमच्या पायरीवर नजर टाका. चपला आहेत ना जागेवर?”

“चपला? त्या वैजूताईंनी पहिल्याच दिवशी उचलल्या की! लोक अडखळत होते. माळ्यावर टाकल्यात. पण शेट, दुकान काय चाललंय म्हणून सांगू! बायकांना बसायला जागा नाही. तुम्ही अगदी निवांत राहा.”

शेटांनी फोन खिशात टाकला आणि ओट्यावर आक्कांशेजारी येऊन मटकन बसले.

“काय रे? दुकान बुडालं?”

“चाललंय.”

“मग?”

“चांगलं चाललंय, आक्का...”

दुकान बसेल या धास्तीनं त्यांनी उभ्या जन्मात गाव सोडलं नव्हतं. आपल्यावाचून ते चालेल, ही भीती पोटात कुठं दडली होती कोण जाणे. आज ती एकदम वर आली आणि शेट लहान मुलासारखे रडले.

ऊन उतरलं तसे शेट उठले. पिशवी भरली.

“संध्याकाळच्या एसटीनं निघतो.”

“छातीचं काय?”

“बघू.”

“आणि वैजू?”

“माझ्या चपला माळ्यावर टाकल्यात तिनं!” शेटांचा आवाज चढला. “बाजूला नीट ठेवता आल्या नसत्या? ज्या पायांनी ते दुकान उभं केलं, त्यांना एवढाही मान नाही?”

आक्का फुलांची परडी घेऊन गाभाऱ्यात गेल्या. शेट दारापर्यंत मागे गेले. आत मठ उभारणाऱ्या महाराजांच्या लाकडी पादुका होत्या. आक्कांनी त्या पुसल्या, गंध लावलं, आणि एकेक फूल वाहू लागल्या.

खालच्या रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला.

शेटांनी एक पाय बुटात घातला. दुसरा बूट हातातच होता.

“निघू ना, आक्का?”

आक्कांनी शेवटचं फूल पादुकांवर ठेवलं. मागे वळून पाहिलंही नाही.

“महाराजांचे पाय चालते होते तोवर या पादुकांवर कुणी फूल वाहिलं नाही, मुकुंदा. तुला त्या मानाची कसली घाई झालीय?”